आठ खिडक्यांचं विमान

मल्लप्पा बंडगरच्या विमानाला आठ खिडक्या होत्या आणि एकेक खिडकी कणीक मळायच्या परातीएवढी होती. त्याला कारण होतं. खिडकीतून नुसतं तोंड दिसून भागत नाही. बाईचं मंगळसूत्र दिसलं पाहिजे, बाप्याचा फेटा दिसला पाहिजे, मांडीवरच्या लेकराचं टोपडं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन तिथंच उभं राहतं आणि विचारतं, "आमची थोरली कुटं हाय ह्यात?" मल्लप्पा हे पहिल्याच यात्रेत शिकला आणि दुसऱ्या वर्षी त्यानं करवतीनं खिडक्या वाढवून घेतल्या.

विमान प्लायवुडचं होतं, चौदा फूट लांब. तीन तुकड्यांत सुटायचं आणि नटबोल्टांनी जोडलं जायचं. नाक पोपटासारखं टोकदार, पंखाला दोन भिंगऱ्या, पोटावर लाल अक्षरांत 'सोलापूर–मुंबई–दिल्ली'. सोलापुरात सात रस्ता चौकात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं ते चाळीस वर्षांपूर्वी कॅलेंडरवरच्या चित्रावरून रंगवून दिलं होतं. मागच्या बाजूला दोन बाकं, बाकांमागे निळा पडदा, आणि पुढे खाली कापडाचे ढग, म्हणजे बाकांचे पाय दिसू नयेत. माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसायची आणि मल्लप्पा समोरून फोटो काढायचा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा बाजार, म्हणजे गड्डा, भरला की पाळण्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या मधे हे विमान उभं राहायचं. गड्डा उठला की टेंपोत घालून गावोगावच्या जत्रा, अक्कलकोटपासून पार सीमेपलीकडे कानडी मुलखात. नवं लग्न झालेलं जोडपं गड्ड्याला आलं की विमानात बसल्याशिवाय परत जायचं नाही. सासू-सासरे, दीर, नणंदा, सगळं बिऱ्हाड आठ खिडक्यांत मावायचं. ज्यांनी विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं अशी माणसं त्यात बसायची, आणि बसवणाऱ्यानंही ते कधी पाहिलं नव्हतं.

मल्लप्पा मूळचा मेंढरांमागचा. सोळाव्या वर्षी शहरात आला, एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला लागला आणि तिथंच कॅमेरा शिकला. आता तो चौसष्ट वर्षांचा झाला होता. मजरेवाडीत दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड. शेडात वर्षातले आठ महिने विमान भिंतीला टेकून झोपलेलं असायचं आणि त्याची बायको चिमाबाई त्यावर गोधड्या वाळत घालायची.

गेली काही वर्षं धंदा उतरला होता. हातात फोन आले. पोरं विमानापुढं उभी राहून आपला आपणच फोटो काढायची आणि निघून जायची. त्यातच होटगी रोडच्या विमानतळावरून खरी विमानं उडायला लागली. मजरेवाडीच्या पत्र्यांवरून ती इतकी खाली जायची की त्यांचं पोट दिसायचं. यंदाच्या गड्ड्यात एका शाळकरी पोरीनं मल्लप्पाला विचारलं, "आजोबा, विमानाला भिंगऱ्या असतात का? आमच्या घरावरनं जातं त्याला नसतात." तिच्या बापानं तिला गप्प केलं, पण विमानात बसवलं नाही.

गड्डा उठल्यावर तीन दिवसांनी सून सोनमनं विषय काढला. मुलगा, नाव श्रीमंत, ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. घर चालायचं ते सोनमच्या शिलाई मशीनवर.

"मामा, राग मानू नका," ती म्हणाली. त्यावरूनच राग येण्यासारखं काहीतरी येणार हे कळलं. "युनिफॉर्मवाले आणखी दोन मशीनं द्यायला तयार आहेत. घरात पाय ठेवायला जागा नाही. मला शेड पाहिजे."

"शेडात विमान हाय."

"तेच म्हणतेय मी."

चिमाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, फक्त थापण्याचा आवाज जरा हळू केला, म्हणजे पुढचं ऐकू यावं.

"यंदा किती जण बसले विमानात? तुम्हीच सांगा," सोनम म्हणाली.

मल्लप्पानं सांगितलं नाही. म्हणाला, "विमान जुनं झालंय म्हणून लोक येत न्हाईत. नवं रंगवतो. खऱ्यासारखं. पाडव्यापातूर थांब. पाडव्याला जमलं न्हाय तर मीच शेड रिकामं करून देतो. मग त्यात काय घालायचं ते घाल."

"कशावरनं रंगवणार? फोनमधे हजार फोटो मिळतील."

"फोनमधलं बघून कुनी बी रंगवंल. मला खरं बघायचंय. हात लावून."

सोनम वाईट नव्हती. तिला शेड हवं होतं, सासऱ्याचा पाणउतारा नको होता. रात्रीची भांडी झाल्यावर तिनंच फोनवर शोधून काढलं की हैदराबादला बेगमपेटच्या जुन्या विमानतळावर विमानांचं मोठं प्रदर्शन भरतंय. देशोदेशीच्या कंपन्या आपली विमानं आणून उभी करणार आणि दुपारी आकाशात कसरती होणार. शेवटचे दिवस सगळ्यांसाठी होते, त्या आधीचे फक्त धंद्यातल्या लोकांसाठी.

"धंदाच आहे ना आपला," सोनम म्हणाली आणि फॉर्म भरायला बसली.

कंपनीचं नाव विचारलं, तिनं 'बंडगर यात्रा फोटो' लिहिलं. कंपनी काय बनवते, असं पुढं होतं आणि खाली यादी होती: विमानं, इंजिनं, खुर्च्या, रंग, विमानातलं जेवण. रेशनकार्डावर एकदा खोटं लिहून तिला सहा महिने हेलपाटे पडले होते. तेव्हापासून सरकारी कागदावर ती खरं तेच लिहायची. तिनं 'विमानं' वर बोट ठेवलं. मालकाचं नाव विचारलं. गड्ड्यातल्या जागेचा परवाना पहिल्यापासून चिमाबाईच्या नावावर होता, म्हणून तिथं चिमाबाई मल्लप्पा बंडगर. मल्लप्पापुढे 'फोटोग्राफर'. दोन दिवसांनी फोनवर दोन पास आले.

"मी कशाला?" चिमाबाई म्हणाली. "विमान बघून मला काय सासरी जायचंय?"

"मालकीण तू हायस," मल्लप्पा म्हणाला. "तुझ्याबिगर मला आत सोडत न्हाईत."

हे तिला पटलं. उलट, चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं खरं बोलून दाखवलं, असं तिनं शेजारणीला सांगितलं.

पहाटेची गाडी धरून दोघं दुपारच्या आधी बेगमपेटला उतरले. बरोबर कॅमेरा, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि सोनमच्या मशीनवरची टेप. फाटकावर शिपायानं पिशवी उघडून चटणीचा डबा नाकाशी नेला, काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि झाकण घट्ट लावून परत दिला. खिडकीतल्या मुलीनं गळ्यात घालायला दोन पट्टे दिले. चिमाबाईच्या पट्ट्यावर इंग्रजीत 'मालक' लिहिलं होतं.

आत गेल्यावर मल्लप्पाला वाटलं आपण चुकून कुणा राजाच्या लग्नात आलोय. थंडगार दालन, गालिचे, काचेचे मांडव, कोट घातलेली माणसं. आणि ती सगळी माणसं आधी चिमाबाईच्या गळ्याकडं बघायची, मग तिला हात जोडायची. तिच्या हिरव्या लुगड्याच्या ओच्यात चॉकलेटं, पेनं आणि चकचकीत कागद जमायला लागले. मल्लप्पाला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या पट्ट्यावर 'फोटोग्राफर' होतं आणि तसले तिथं शेकड्यांनी होते, हाताएवढ्या लांब भिंगांचे.

विमानाच्या खुर्च्या करणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं तिला अदबीनं विचारलं, "माताजी, आप क्या बनाते हैं?"

चिमाबाईला गड्ड्यातलं हिंदी येत होतं. "हवाई जहाज," ती म्हणाली.

"कितने सीटर?"

"आठ. बच्चा गोद में लिया तो बारा."

त्या माणसानं वहीत आठ लिहिलं आणि मान वर केली. तेव्हा मल्लप्पा पुढं झाला आणि त्यानं पाकिटातून फोटो काढून दाखवला. गड्ड्यातलं विमान, आठ खिडक्या, अकरा माणसं. त्या माणसानं फोटो बघितला, चिमाबाईकडे बघितलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्यानं दोन सोबत्यांना बोलावलं, तेही हसले. मल्लप्पाचे कान तापले. पण त्या माणसानं फोटो दोन्ही हातांनी परत दिला, दोघांना आपल्या खऱ्या खुर्च्यांवर बसवलं आणि पाणी दिलं. "बारह," तो मान हलवत परत परत म्हणत होता. "हमारे से नहीं होगा."

दालनाच्या मागच्या दारातून दोघं बाहेर उन्हात आले आणि तिथं मल्लप्पा उभा राहिला.

पुढं विमानं उभी होती. लहान, मोठी, चोचीची, बोथट नाकाची, रांगेत, गोठ्यातली जनावरं उभी असावीत तशी शांत. आणि सगळ्यांच्या पलीकडं एक पांढरं विमान होतं. मल्लप्पाला आधी ती इमारतच वाटली. इमारतीला शेपूट कसं, असं मनात आलं तेव्हा त्याला कळलं.

"यप्पा," तो एवढंच म्हणाला.

जवळ जाईल तसं ते आणखी वाढायला लागलं. डोंगराकडं चालत गेलं की डोंगर जसा मागं सरकतो आणि मोठा होतो, तसं. घरावरून जाणारं विमान त्यानं पाहिलं होतं, तळहाताएवढं, फार तर सुपाएवढं. ते हेच, यावर विश्वास बसेना. शेपूट गड्ड्यातल्या नंदीध्वजाच्या काठीच्या दुपटीनं उंच होतं. इंजिनाचं तोंड इतकं मोठं की त्यांच्या मजरेवाडीच्या दोन्ही खोल्यांची दारं त्यात शेजारी शेजारी लागली असती. आतली पाती वाऱ्यानं आपोआप सावकाश फिरत होती, आवाज न करता, आणि त्यांच्या पुढं उभं राहिलं की अंगावर काटा येत होता. पंख पुढं गेला होता आणि गेलाच होता. त्या पंखाच्या सावलीत साठेक माणसं उभी होती आणि अजून गड्ड्यातल्या आठ दुकानांपुरती सावली शिल्लक होती.

"एवढं वर जातं व्हय हे?" चिमाबाई हळू आवाजात म्हणाली. देवळात बोलतात तशा.

"जातं की. आपल्या घरावरनं जातंय."

"आन मी त्याच्याखाली गोधड्या वाळत घालते."

मल्लप्पानं कॅमेरा डोळ्याला लावला. नाक आलं, शेपूट गेलं. तो दहा पावलं मागं सरला. शेपूट आलं, पंख गेला. आणखी मागं सरला, लोकांना धक्के दिले, माफी मागितली, शेवटी पाठ लोखंडी कठड्याला टेकली. तरी विमान चौकटीत मावेना. चाळीस वर्षांत एका चौकटीत त्यानं बारा बारा माणसं बसवली होती, देवाच्या पालख्या बसवल्या होत्या, एकदा तर मालकाच्या हट्टाखातर बारा मेंढरं आणि एक कुत्रं. कधी कुणी बाहेर राहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा कॅमेरा खाली घेऊन त्यानं नुसतं बघितलं.

आणि खिडक्या. वर, फार वर, एका ओळीत, वहीच्या पानाएवढ्या. त्यातलं माणूस कुणाला दिसणार? त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. आत कुणीतरी हलत होतं. बाई की बाप्या तेही कळेना.

मग तो कामाला लागला. रंगवायचं तर माप हवं. विमानाभोवती दोरी बांधली होती. मेंढरांमागं वाढलेल्या माणसाला दोरी दिसली की ती जनावरांसाठी आहे असंच वाटतं. मल्लप्पा वाकून दोरीखालून आत गेला आणि त्यानं चाकाला टेप लावली. चाक चिमाबाईच्या खांद्यापर्यंत येत होतं. दुसरं टोक तिनं धरलं.

"चच्चा, क्या नाप रै?" मागून आवाज आला. वर्दीतला रखवालदार होता. "बाहर आव. हौला हुए क्या, दिमाग फिरा क्या?"

"दो मिनिट," मल्लप्पा म्हणाला. गड्ड्यात पोलिसाला असंच म्हणायचं असतं.

रखवालदारानं बिनतारी यंत्रावर कुणाला तरी बोलावलं. मल्लप्पानं कॅमेरा छातीशी धरला. कॅमेरा काढून घेतला तर फोटो गेले, फोटो गेले तर विमान गेलं आणि पाडवा सात आठवड्यांवर होता. निळा कोट घातलेली कंपनीची एक मुलगी आली. सोनमच्या वयाची असेल. तिनं आधी चिमाबाईचा पट्टा वाचला, मग टेप बघितली.

"माप क्यों ले रहे हैं आप?"

चिमाबाई पुढं झाली. "हमारा भी जहाज है," ती म्हणाली. "वो खोटा दिखता, ऐसा लोग बोलते. सच्चा कैसा है वो देखने को आये. सच्चा नहीं बना तो बहू उसको शेड से निकालती."

पाकिटातला फोटो परत बाहेर आला. ही मुलगी हसली नाही. फोटो उन्हात तिरका धरून तिनं एकेक तोंड बघितलं.

"इतनी बड़ी खिड़की?"

"आदमी दिखना ना," मल्लप्पा म्हणाला.

मुलीनं मान वर करून आपल्या विमानाच्या खिडक्यांकडे बघितलं, जणू आजच त्या तिच्या नजरेस पडल्या. "हमारे में नहीं दिखता," ती म्हणाली. मग रखवालदाराला तेलुगूत काहीतरी सांगून ती दोघांना शिडीकडे घेऊन गेली. आत बघायला धंद्यातल्या लोकांना दहादहाच्या गटानं सोडत होते. गटात एकच जागा होती. मालकीणबाईंना आधी, फोटोग्राफर पुढच्या खेपेला.

चिमाबाई देवळात काढतात तशा चपला काढून शिडी चढली. एका हातानं ओचा, दुसऱ्यानं कठडा. पुढचे कोटवाले भराभर आत शिरले. ती मात्र दारात पोहोचल्यावर थांबली आणि वळली. तिला इतकंच बघायचं होतं की मल्लप्पा खाली कुठं उभाय, कारण चपलांची पिशवी त्याच्याकडं होती. उंचीवर वारा होता. तिनं पदर डोक्यावर ओढला, एक हात दाराच्या कडेला टेकला आणि खालच्या गर्दीत त्याला शोधायला लागली.

मल्लप्पानं कॅमेरा उचलला आणि फोटो काढला. हे त्याच्या हातानं केलं, त्यानं केलं नाही.

त्याची पाळी आली तेव्हा तोही वर गेला. आत मऊ उजेड होता आणि नव्या गादीचा वास. तो एका खुर्चीत बसला आणि खिडकीला कपाळ लावलं. इतकी लहान खिडकी आणि त्यातून केवढं दिसत होतं. अख्खा पंख, धावपट्टी, पलीकडचं शहर, धुरकट क्षितिज. खाली माणसं बोटाएवढी. त्यानं चाळीस वर्षं खिडकी बाहेरच्यांनी आत बघायला केली होती. इथं ती आतल्यांनी बाहेर बघायला होती. विमानात बसलेल्या माणसाला आपण दिसतोय का, याचं काही पडलेलं नसतं, हे त्याला त्या खुर्चीत कळलं आणि जरा भीतीही वाटली.

कसरती दुपारी तीनला होत्या. दोघांनी कठड्याजवळ जागा धरली. चिमाबाईनं भाकरी सोडली होती. घास तोंडाशी नेणार तोच डोक्यावरून काहीतरी गेलं. आवाज नाही, नुसती सावली. आणि मग, ते पार पुढं गेल्यावर, आवाज आला, जमिनीतून, तळपायातून, दातांतून. नऊ विमानं होती, लाल-पांढरी, एकमेकांना इतकी चिकटून की मधून धोतर वाळत घालता आलं नसतं. ती सरळ वर गेली. वर म्हणजे उभी, भिंतीवर मुंगी चढावी तशी, आणि टोकाला जाऊन उमलली. नऊ धुराच्या रेघा आकाशात सुटल्या आणि कमळाच्या पाकळ्यांसारख्या खाली वळल्या. दोन विमानं समोरासमोर आली, आता आदळणार, चिमाबाईनं मल्लप्पाचं मनगट धरलं, आणि ती एकमेकांच्या पोटाखालून निघून गेली.

"फोटो काढा की," ती म्हणाली.

मल्लप्पाचा कॅमेरा गळ्यात होता. त्याचे दोन्ही हात खाली होते आणि तोंड उघडं होतं. सगळ्या विमानांचा धूर विरून आभाळ परत कोरं होईपर्यंत त्यानं एकही फोटो काढला नाही.

परतीच्या गाडीत त्यानं काढलेले फोटो एकामागून एक बघितले. तीनशेच्या वर होते. चाक, चाकाचे नट, इंजिनाचं तोंड, पंखाचं टोक, पोटावरच्या खिळ्यांच्या ओळी, शेपटाचा कोपरा. चिमाबाई खांद्यावरून बघत होती.

"ह्यात विमान कुटं हाय?" ती म्हणाली.

नव्हतं. तीनशे फोटोंत एक अख्खं विमान नव्हतं. मल्लप्पानं कॅमेरा पिशवीत ठेवला आणि वाडी जंक्शनपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. माप घेतलं होतं, तेही एका चाकाचं. त्या मापानं विमान रंगवायचं तर अख्खी मजरेवाडी लागली असती. आणि शेडाच्या मापानं रंगवलं तर परत पोपटच होणार होता.

घरी सोनमनं फोटो बघायला मागितले. मशीनवरच बसून ती बटण दाबत गेली. चाकं आणि नट भराभर गेले. मग तिचं बोट थांबलं.

"आत्या?" ती म्हणाली. "ह्या तुम्ही?"

दारातली चिमाबाई. पाठीमागे दाराचा अंधार, बाजूला थोडी पांढरी भिंत, तिच्यावर बारीक खिळ्यांची ओळ, कोपऱ्यात अर्धी खिडकी. खाली शिडीच्या तीन पायऱ्या. बाकी काही नाही. पण पदर उडत होता, नजर लांब कुठंतरी होती, आणि ती बाई आता फार दूर जाणार आहे, किंवा फार दुरून आली आहे, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

"किती मोठं विमान आहे हो हे," सोनम म्हणाली.

मल्लप्पानं कॅमेरा तिच्या हातून घेतला आणि परत बघितलं. फोटोत विमान वीतभर होतं. तरी सोनमला मोठं वाटलं. तो मागं शेडात गेला.

पाच-सहा दिवस तो नुसता विमानापुढं बसून राहिला. चिमाबाईला वाटलं, म्हातारं मनाला लावून घेतंय. सातव्या दिवशी करवतीचा आवाज आला. ती धावत गेली. त्यानं नाक कापून बाजूला ठेवलं होतं आणि मधल्या तुकड्याला हात घातला होता.

"अवं, काय करताय? कापताय व्हय?"

"धर जरा हितं."

"चाळीस वर्सं पोसलं त्यानं."

"धर म्हंतो न्हवं."

तिनं धरलं. तोंड दुसरीकडं करून, पण धरलं. मधल्या तुकड्यातून त्यानं एक दार काढलं, माणूस उभं राहील एवढं, आणि त्याच्या बाजूला हातभर भिंत ठेवली. जुन्या बाकांच्या फळ्यांच्या तीन पायऱ्या केल्या, त्या मिटून दारालाच लागायच्या. रंगावर त्यानं दोन आठवडे घालवले. विमान पांढरं नव्हतं हे त्याला तिथं कळलं होतं. सावलीत ते निळसर होतं, उन्हात पिवळट, खिळ्यांपाशी राखाडी. काडीच्या टोकानं एकेक खिळा टिपला. चारशे बारा. खिडकी एकच रंगवली, तीही अर्धी, वहीच्या पानाएवढी, आणि तिच्यात कुणाचं तोंड दिसायला भोक ठेवलं नाही. उरलेलं सगळं विमान, सात खिडक्यांसह, त्यानं भंगारवाल्याला न देता शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्याला कूड म्हणून दिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दार उभं राहिलं. शेडाची एक भिंत त्यानं घेतली होती, बाकी तिन्ही मोकळ्या होत्या. चिमाबाई लांबून बघत होती.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पन ह्यात दोघंच उभी ऱ्हातील. आख्खं घर एका फोटूत आता मावायचं न्हाय."

"न्हाय मावायचं," मल्लप्पा म्हणाला. हे त्यालाही रंगवताना रोज टोचलं होतं.

सोनम आली ती जागा मोजायला. अंगात गाऊन, त्यावर ओढणी, दातांत टाचणी. तिनं मोकळ्या भिंती बघितल्या, मग दार बघितलं. टाचणी तोंडातून काढली. पायऱ्यांवर एक पाय ठेवून बघितला, परत घेतला.

"भार पेलंल?"

"दोन माणसांचा."

"थांबा जरा," ती म्हणाली आणि घरात गेली.

आली तेव्हा साडी नेसून आली होती. भारीतली नव्हे, पण घडी मोडलेली नसावी अशी. केसही नीट केले होते. तीन पायऱ्या चढून ती दारात उभी राहिली आणि वळली. शेडाच्या दारातून उन्हाचा तुकडा तिच्या तोंडावर आला. श्रीमंतचा ट्रक तेव्हा तामिळनाडूत कुठंतरी होता. सोनम स्वतः बार्शी आणि सोलापूर सोडून कुठं गेली नव्हती.

"कुठं बघू मामा?"

"कॅमेऱ्यात नको. कुनीतरी घालवायला आलंय, ते गर्दीत कुटं उभं हाय ते बघ."

तिनं शेडाच्या पत्र्यांपलीकडं नजर टाकली. मल्लप्पा चौकट लावत असताना ती तशीच, न हलता, वरूनच बोलली. "माझी दोन मशीनं त्या भिंतीला. कापड इकडं. ही भिंत तुमची. पण दुपारी मशीन चालू असताना ठोकाठोक नाही करायची."

"बरं."

"आणि गड्डा आला की दाराबरोबर मी पण येते. साड्या नीट करून द्यायला. बायका कशाही उभ्या राहतात."

"बरं," मल्लप्पा म्हणाला. "आता बोलू नको."

ती दूर कुठंतरी, फार दूर बघायला लागली. मल्लप्पानं श्वास धरला.